पडद्यापलीकडचे समुपदेशन : पारख कशी करावी?

देवनारला आमच्या घराजवळच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवणाऱ्या बाई एका रविवारी सकाळी घरी आल्या. त्यांच्या अकरावीच्या वर्गातील एक मुलगी दोन महिन्यांपासून गप्प गप्प होती. रात्री झोप नाही, पुस्तक उघडले तरी काही डोक्यात शिरत नाही, डबा तसाच घरी परत जातो. बाजूला घेऊन विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, "बाई, मला कुणाशी तरी बोलायचंय. पण दवाखान्यात नको. फोनवर बोलता येतं म्हणे." भावाच्या फोनवर तिने शोधही घेतला होता. पाचसहा ॲप आणि डझनभर जाहिराती पाहून ती आणखीच गोंधळली होती.

बाईंनी मला दोन प्रश्न विचारले. "सर, असले उपचार फोनवरून होतात तरी का? आणि होत असतील, तर यातला खरा कोण हे ओळखायचं कसं?"

माझा विषय मानसशास्त्र नव्हे, जीवरसायनशास्त्र. पण दाव्यामागचा पुरावा तपासण्याची रीत सर्वच विज्ञानांत एक आहे. त्या रीतीने शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

दुरून उपचार होतो का?

समोर न बसता उपचार करण्याची कल्पना नवी नाही. घोड्याची भीती बसलेल्या एका पाच वर्षांच्या मुलाची हकिकत सिग्मंड फ्रॉइड यांनी १९०९ साली प्रसिद्ध केली. त्या मुलाचा उपचार बहुतांशी वडिलांमार्फत, पत्रे आणि भेटींतून वडिलांना मार्गदर्शन करून झाला होता. पण एखादी गोष्ट पूर्वी केली गेली म्हणून ती गुणकारी ठरत नाही. त्यासाठी तुलना करावी लागते.

समजा, वर्गातील ४० मुलांना दोन पद्धतींनी शिकवून कोणती पद्धत बरी हे ठरवायचे आहे. हुशार मुले एका तुकडीत गेली तर तुलना फसेल. म्हणून चिठ्ठ्या टाकून तुकड्या पाडायच्या. वैद्यकातही हेच करतात. काही रुग्णांना प्रत्यक्ष भेटीत आणि काहींना इंटरनेटवरून तीच उपचारपद्धती देतात. कोण कोणत्या गटात जाणार, हे चिठ्ठीने ठरते. अशा २० चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. सामाजिक भीती, भयाचे झटके, नैराश्य, निद्रानाश अशा तक्रारींचे सुमारे १,४०० रुग्ण त्यात होते. दोन्ही गटांतील सुधारणेत दखल घेण्याजोगा फरक आढळला नाही.

निष्कर्ष आशादायक आहे, पण तो नीट वाचायला हवा. या चाचण्यांत 'इंटरनेटवरून' याचा अर्थ मुख्यतः ठरीव पाठ, स्वाध्याय आणि उपचारकाचे लेखी मार्गदर्शन असा होता. उपचारपद्धती होती विचार व वर्तन यांत बदल घडवणारी. चाचण्या बहुतेक पाश्चात्त्य देशांत झाल्या, आणि फार गंभीर आजाराचे रुग्ण सहसा अशा चाचण्यांत घेतलेच जात नाहीत. दुसरी एक गोष्ट अनेक अभ्यासांत दिसली आहे. मार्गदर्शक माणूस असला की अशा पाठांचा गुण अधिक येतो; नुसते पाठ हाती दिले तर पुष्कळ जण ते अर्ध्यात सोडतात. पत्राद्वारे अभ्यासक्रम करणाऱ्यांचा अनुभव शिक्षकांना ठाऊकच आहे!

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे: सौम्य ते मध्यम तक्रारींसाठी, ठरावीक पद्धतीने आणि शिकलेल्या माणसाच्या साथीने, दुरून उपचार होऊ शकतो.

पलीकडे कोण आहे?

औषधे लिहून देऊ शकतो तो मनोविकारतज्ज्ञ. तो डॉक्टर असतो आणि त्याची वैद्यक परिषदेकडे नोंद असते. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो चाचण्या आणि बोलण्यातून उपचार करतो. त्याची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेच्या नोंदवहीत असते. 'समुपदेशक' हा शब्द मात्र फार सैल आहे. मानसशास्त्रात किंवा समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला समुपदेशक, आणि चार आठवड्यांचा वर्ग केलेलाही समुपदेशकच म्हणवतो.

मग पदवी हेच सर्वस्व का? तसेही नाही. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत विक्रम पटेल आणि 'संगत' या संस्थेतील त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी केली. नैराश्याच्या सुमारे ५०० रुग्णांपैकी निम्म्यांना नेहमीच्या उपचारांसोबत खास शिकवून तयार केलेल्या समुपदेशकांच्या सहा ते आठ बैठका मिळाल्या. या समुपदेशकांकडे मानसोपचाराची पदवी नव्हती. तीन महिन्यांनी त्या गटातील ६४ टक्के रुग्ण नैराश्यातून बाहेर आले होते, दुसऱ्या गटातील ३९ टक्के. बैठका समोरासमोरच्या होत्या, पण धडा आपल्या कामाचा आहे. त्या समुपदेशकांना ठरीव पद्धत शिकवलेली होती आणि त्यांच्या कामावर सतत देखरेख होती. म्हणून "तुमचं शिक्षण काय?" या प्रश्नाला जोडूनच "तुमच्या कामावर देखरेख कोण करतं?" हेही विचारावे.

कधी पलीकडे माणूसच नसतो. १९६६ साली अमेरिकेतील जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' नावाची संगणक-आज्ञावली प्रसिद्ध केली. वापरणाऱ्याचेच वाक्य फिरवून ती प्रश्न विचारी. तिला काहीही कळत नव्हते, तरी लोक तिच्याजवळ मन मोकळे करू लागले, आणि याने खुद्द वायझेनबाउम अस्वस्थ झाले. आजची संवादयंत्रे कितीतरी तरबेज आहेत. पण समोरून आलेले गोड वाक्य म्हणजे जबाबदारी घेणारा माणूस नव्हे. बोलणारा माणूस आहे की यंत्र, हे आधी विचारावे.

ठिकाणे आणि प्रश्न

बाईंना मी सांगितले, "शोध दूर कशाला? आपल्या देवनारलाच पाहा." टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून येथे आहे. या संस्थेने २०१२ साली 'आयकॉल' ही समुपदेशन सेवा सुरू केली. शिकलेले समुपदेशक फोन, ई-मेल आणि चॅटवरून बोलतात. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिचा क्रमांक १४४१६. ती चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही आहे. गरज दिसल्यास तेथून रुग्णाला पुढच्या तज्ज्ञाकडे पाठवतात.

अशा सेवांची गरज किती आहे? २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता. नैराश्याच्या सुमारे ८५ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोचत नसल्याचे त्यात दिसले.

खासगी सेवा घ्यायची असेल तर पैसे भरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत:

१. आपले शिक्षण, नोंदणी आणि अनुभव काय?
२. माझ्या तक्रारीवर कोणती पद्धत वापरणार? साधारण किती बैठका?
३. एका बैठकीचे शुल्क किती? बैठक चुकली तर?
४. आमचे बोलणे कोठे साठवले जाते आणि कोणाला दाखवले जाते?
५. जिवाला धोका वाटल्यास आपण काय करता?

चौथा प्रश्न किरकोळ नाही. 'बेटरहेल्प' या बड्या अमेरिकन सेवेने ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना पुरवली, असा ठपका तेथील व्यापार आयोगाने २०२३ साली ठेवला. ७८ लाख डॉलर भरण्याचे ठरवून प्रकरण मिटले. आपल्याकडे २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने रुग्णाला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो माहीत असेल तरच मागता येतो.

हे सारे करूनही सूर जुळेलच असे नाही. एडवर्ड बॉर्डिन यांनी १९७९ साली उपचारातील नात्याचे तीन भाग सांगितले: कोठे जायचे यावर एकमत, त्यासाठी काय करायचे यावर एकमत, आणि परस्परांविषयी विश्वास. तीनचार बैठकांनंतर यांतले काहीच जुळत नसेल तर तसे स्पष्ट सांगावे आणि दुसरा समुपदेशक मागावा. त्यात अपमान कोणाचाच नाही.

दहा बाय बाराची अडचण

बाई म्हणाल्या, "हे सगळं ठीक. पण ती बोलणार कुठं? एका खोलीत सहा माणसं, आणि फोन भावाचा." हा खरा प्रश्न होता. दूरच्या उपचाराची जाहिरात करणारे स्वतंत्र खोली आणि स्वतंत्र फोन गृहीतच धरतात. ती सोय नसेल तर उपचार पद्धतीपाशी पोचतच नाही, दारातच अडतो.

दुसरी अडचण वयाची. मुलगी सोळा वर्षांची होती. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक सूचनांनुसार रुग्ण अल्पवयीन असेल तर डॉक्टरने सोबत प्रौढ व्यक्ती असतानाच सल्ला द्यायचा असतो. म्हणजे घरच्या एका तरी माणसाला विश्वासात घेणे आले. मुलीशी बोलून बाईंनी आईला बोलावले. "डोकं फिरलंय का हिचं?" हा आईचा पहिला प्रश्न. "नाही हो, ताप येतो तसं मनही आजारी पडतं," असे बाईंनी समजावल्यावर आई म्हणाली, "मग बोलू द्या तिला. तिच्या बापाला मी सांगते."

शाळा सुटल्यावर प्रयोगशाळा रिकामी असते. तेथे, बाईंच्या फोनवरून, आई बाहेर बाकावर बसलेली असताना, मुलीने १४४१६ लावला. आठ दिवसांनी जवळच्या रुग्णालयात प्रत्यक्ष तपासणी झाली. आता दर आठवड्याला ती समुपदेशकाशी बोलते. झोप सुधारली आहे; अभ्यास अजून अडखळतोच. पूर्ण बरी झाली असे म्हणणे घाईचे होईल.

एक इशारा मात्र हवा. जीव देण्याचे विचार, भास होणे, अन्नपाणी सोडणे किंवा नशेचे व्यसन असेल तर ॲप शोधत बसू नये. त्या व्यक्तीला एकटे न सोडता तिला रुग्णालयात न्यावे. आणि घरातच छळ होत असेल, तर घरी बसून फोनवर बोलणे हा उपाय नव्हे. मुलांच्या बाबतीत बालसाहाय्य क्रमांक १०९८ उपयोगी पडतो.

शिक्षकांनी समुपदेशक व्हावे असे कोणी म्हणत नाही. पण आठवड्यातून एक तास एक रिकामी खोली, एक फोन आणि दाराबाहेर विश्वासाचे माणूस, एवढे बहुतेक शाळांना जमण्यासारखे आहे.