गल्ला म्हणजे फायदा नव्हे

शाळाशाळांत ‘आनंद बाजार’ भरतो. आई पहाटे उठून समोसे तळते, मुलगा दोन तासांत विकून मोकळा. पाचशे रुपये जमले की टाळ्या! पण मैदा, तेल, गॅस सगळं घरचं. म्हणजे पाचशे हा फायदा नाही, नुसता गल्ला आहे. धंदा शिकवायचा तर खरा तास बाजार उठल्यावर घ्यायला हवा.

समजा, नववीच्या पाच मुलांनी लिंबू सरबत विकलं. लिंबं, साखर, बर्फ, कागदी ग्लास मिळून खर्च 350 रुपये. दहा रुपयांचे 50 ग्लास गेले, 500 आले. फायदा 150. आता विचारा, वेळ किती गेला? पाच जणांचे तीन-तीन तास, म्हणजे 15 तास. तासाला दहा रुपये पडले. आठ ग्लास उरले असते तर 70 रुपयेच, तासाला पाचसुद्धा नाहीत. इथे वर्ग गप्प होतो, आणि मग प्रश्न सुरू होतात.

शहाडमध्ये हा हिशेब जास्त गरजेचा आहे. शेजारच्या उल्हासनगरात जीन्स शिवण्याचं, धागे कापण्याचं काम पीसच्या भावाने चालतं. अशा घरांतल्या मुलांना काम शिकवायची गरजच नाही, ते हातात असतं. एका पीसमागे तासाला किती सुटले आणि तीच पॅन्ट दुकानात कितीला गेली, हे मात्र कुणी मांडून दाखवत नाही.

महाराष्ट्रात याचा चांगला नमुना आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 मध्ये पुणे जिल्ह्यातल्या पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेला मूलभूत तंत्रज्ञानाचा विषय आठवी ते दहावीची मुलं शाळेतच शिकतात. वेल्डिंग, वायरिंग, शेती, अन्नप्रक्रिया करतात आणि गावातली कामं पैसे घेऊन करून देतात. गिऱ्हाईक खरं, त्यामुळे वाकडं वेल्डिंग खपत नाही.

त्याआधी 1937 मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा करणाऱ्या समितीचे अध्यक्ष होते डॉ. झाकिर हुसेन. हस्तोद्योगातून शाळेचा खर्च निघावा, असा विचार त्यात होता. पण कमाईच्या नादात शिक्षण मागे पडेल, हा धोका समितीने अहवालातच सांगून ठेवला. मुलं राबवून घ्यायची नाहीत, हे आजही तितकंच खरं.

भांडवलाचं काय? माणशी वीस रुपये कर्जे-हसना म्हणून द्या, म्हणजे बिनव्याजी, पण परत करायचेच. आणि लिहून घ्या. कुरआनातली सर्वांत मोठी आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवायलाच सांगते. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापारही इथेच शिकवता येईल. भांडवल त्यांचं, माल घेऊन शामला गेले प्रेषित (स.). भागीदारी याहून सोपी कशी समजावणार?

मार्क मात्र वहीला द्या, गल्ल्याला नको. ज्या गटाला तोटा झाला आणि का झाला हे ज्याने नीट लिहिलं, त्याचे मार्क कापू नका.