कामाच्या दिवसांत पिकाचीं छायाचित्रें

"फोटो काढावयास वेळ कोठें आहे?" असें शेतकरी बंधु विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु १५ ऑगस्ट २०२१ पासून महाराष्ट्रांत ई-पीक पाहणी सुरू झाली, व उभ्या पिकाचें छायाचित्र मोबाईलवरून नोंदविणें खातेदाराकडे आलें. पूर्वी गांव नमुना १२ तलाठी लिही. तो कित्येकदां चावडींत बसूनच लिहिला जाई, हें महसुलांत कारकुनी केलेल्या माणसास कोणी सांगावयास नको!

निराळा वेळ लागतच नाहीं. दारें धरलेला माणूस सरीच्या टोकास पाणी पोंचेपर्यंत बांधावर उभाच असतो. सकाळची पाळी असल्यास उत्तम. ऊन तिरपें व मऊ असतें. सूर्य पाठीशीं घ्यावा. भर दुपारीं पानांखालीं काळी सावली पडून डाग ओळखूं येत नाहींत. काचेवरची धूळ आधीं धोतराच्या सोग्यानें पुसावी. तुडतुडे, पांढरी माशी पानाच्या मागील बाजूस असतात. सबब पान उलटून दुसरें चित्र घ्यावें, व आकार कळावा म्हणून शेजारीं रुपया धरावा.

बांधावर एक खुंटी ठोकून दर वेळीं तेथूनच, त्याच दिशेस तोंड करून एक चित्र घ्यावें. अतिवृष्टि झाल्यास पंचनाम्याचीं माणसें येईपर्यंत पाणी ओसरलेलें असतें. मग आधींचें उभें पीक व नंतरचें आडवें पीक एकाच खुंटीवरून दाखवितां येतें. ई-पीक पाहणीचें चित्र मात्र त्या त्या गटांत उभें राहूनच काढावें. त्याजबरोबर जागेचीहि नोंद होते.