जुना लॅपटॉप अडकतोय? फॉरमॅटची घाई नको

देवरूखसारख्या गावात जुना लॅपटॉप हँग व्हायला लागला, चालू होताना लोगोवरच अडकला, की पहिला सल्ला मिळतो फॉरमॅट मारण्याचा. माझ्या मते तो शेवटचा उपाय असावा, कारण बिघाड विंडोजमध्ये आहे की यंत्रात, हे आधी तपासता येतं. पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट घ्या आणि लॅपटॉप त्यावरून सुरू करा. तासभर सुरळीत चालला, तर संशय विंडोजवर किंवा हार्डडिस्कवर. तिथेही अडकला, तर रॅम, धुळीने तुंबलेला पंखा किंवा मदरबोर्ड बघायला हवा. डिस्कची तब्येत क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर दाखवतं. त्यात पिवळा किंवा लाल इशारा आला, तर बाकी सगळं सोडून आधी फोटो आणि कागदपत्रं दुसरीकडे काढून घ्या.

‘पण फॉरमॅटनंतर चालतो की!’ चालतो, कधी कधी काही दिवसच. डिस्क खराब असेल, तर दुखणं तसंच राहतं आणि डेटा मात्र जातो. शिवाय आपल्याकडे पावसाळ्यात हवा इतकी दमट, की रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर धरू शकतो. चार्जर आणि बॅटरी काढून त्या पट्ट्या खोडरबराने हलक्या हाताने पुसल्या, तरी पुष्कळदा काम भागतं. ‘त्यापेक्षा नवाच घ्या’ म्हणणाऱ्यांचं एक खरं: विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बऱ्याच जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. लिनक्स मात्र चालतं, आणि एसएसडी बसवली की मुलांच्या अभ्यासाला, ऑनलाइन सातबारा काढायला तोच लॅपटॉप पुरतो.