घरापासून गॅरेजपर्यंत वीज नेताना

नाशिकच्या गंगापूर रोडवरील एखादा बंगला डोळ्यांसमोर आणू. मीटर घरात, गॅरेज आवाराच्या टोकाला, ३० मीटरवर. तिथे दिवा आणि गाडी धुण्यासाठी पंप हवा आहे. तार किती जाड घ्यावी?

वीज जाते तशी परतही येते, म्हणून लांबी ६० मीटर धरू. १ चौरस मिलिमीटर छेदाच्या, १ मीटर लांब तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.०१७ ओहम असतो. दुकानातल्या 'दीड एमएम' तारेचा एकूण रोध होतो सुमारे ०.७ ओहम. पंप ५ अँपिअर घेत असेल तर ३.५ व्होल्ट वाटेतच खर्च होतात. मात्र सुरू होताना मोटार क्षणभर पाच-सहा पट प्रवाह ओढते. ३० अँपिअरला २३० पैकी २१ व्होल्ट गेले! 'चार एमएम' तारेत हीच घट ८ व्होल्टवर येते.

तिसरी, अर्थिंगची तार घरापासूनच न्यावी. गॅरेजमध्ये ती न्यूट्रलला मुळीच जोडू नये. घरातले ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी फेजमधून जाणारा आणि न्यूट्रलमधून परतणारा प्रवाह ताडून पाहते. फरक पडला की वीज तोडते. जोड दिल्यास परतीचा काही प्रवाह अर्थिंगमधून जाईल आणि आरसीसीबी वारंवार पडेल. कंटाळून कोणी ते काढून टाकले, तर ओल्या फरशीवर उभ्या माणसाचे संरक्षणच गेले.

जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करावी. हिशेब मात्र दहावीचा वर्गही करू शकेल. शाळेच्या पंपापासून सुरुवात करता येईल.