शिल्पातील स्त्री आणि शिलालेखातील स्त्री

संस्थेच्या विद्यार्थ्यांसह आम्ही देगलूर तालुक्यातील हॉट्टल येथे गेलो होतो. चालुक्यकालीन सिद्धेश्वर मंदिराच्या भिंतींवरील सुरसुंदरी पाहून एका विद्यार्थिनीने विचारले, "काका, ह्या बायकांची नावे काय?" आम्ही दर्पणा, पत्रलेखा असे मूर्तिशास्त्रातील शब्द सांगू लागलो. ती म्हणाली, "ही तर कामाची नावे झाली!" प्रश्न रास्त होता.

निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिरावरही अशा सुरसुंदरी आहेत. दागिने, केशरचना, उभे राहण्याची ढब पाहावी आणि कारागिराला हात जोडावेत. परंतु ही कोणा एकीची प्रतिमा नव्हे. ठरलेल्या नमुन्यांतून घडविलेली ती शोभा होय.

बौद्ध कलेत असे नाही, असे म्हणण्याचा मोह आम्हांसही होतो. तो आवरलेला बरा. सांचीच्या तोरणावर वृक्षाला लगडलेली यक्षी आहे, कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागावर स्त्री-पुरुषांची युगुले आहेत. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात तर गाभाऱ्यातच नर्तकी असून तिच्याभोवती सहा वादक स्त्रिया आहेत. अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यातील यशोधरा मात्र वेगळी. भिक्षापात्र घेऊन दारी आलेल्या भव्य बुद्धासमोर ती राहुलला पुढे करते. येथे स्त्रीला नाव आहे, दुःखही आहे.

पण खरी नावे पाहावयाची तर मूर्तींकडून शिलालेखांकडे वळावे. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत (लोक पांडवलेणी म्हणतात, पांडवांचा तेथे काही संबंध नाही) तिसरे लेणे गौतमी बलश्रीने, पुळुमावीच्या राज्यकाळाच्या १९ व्या वर्षी, भिक्खुसंघास दान दिले. दहाव्या लेण्यात दक्षमित्रेने दिलेल्या खोलीचा लेख आहे. अठराव्या चैत्याच्या लेखात भट्टपालिका भेटते. अर्थात एक राजमाता, दुसरी राजकन्या, तिसरी अधिकाऱ्याची पत्नी. प्रत्येकीची ओळख पुरुषाच्या नात्यानेच दिलेली आहे. कान्हेरीच्या लेखांत मात्र दान देणाऱ्या भिक्खुणीही आहेत. घर सोडलेल्या स्त्रीचे नाव दगडावर कोरले जाते, ही गोष्ट आम्हांस सर्व सुरसुंदरींहून मोठी वाटते.

बुद्धाने स्त्रीला हीन लेखले, ह्या आरोपाला बाबासाहेबांनी १९५१ साली 'महाबोधी' मासिकातील लेखातून उत्तर दिले. भिक्खुणीसंघ हा त्यातील महत्त्वाचा मुद्दा होता. विद्यार्थ्यांनी तो लेख मुळातून वाचावा.

पुढील सहल नाशिकला न्यावी, असे आम्ही कार्यकारिणीस सुचविले आहे. ब्राह्मी वाचता येणारे कोणी सोबत मिळाल्यास उत्तम.