वरोरा: बंद पडलेली कोळसा खाण

कुठे? चंद्रपूर जिल्हा, नागपूरच्या हुडकेश्वरहून दक्षिणेला सुमारे 100 किलोमीटर.

सीमेवरचं गाव: ब्रिटिश काळात वरोरा मध्य प्रांतात होतं. पश्चिमेला वर्धा नदी आणि पलीकडे वऱ्हाड.

कालक्रम
- 1870चं दशक: सरकारी खाण सुरू. कोळशासाठी वर्धा–वरोरा रेल्वे.
- 1906: खाण बंद. कोळशाचा भर बल्लारपूरकडे.
- 1929: बल्लारशाह (बल्लारपूर)–काझीपेट रेल्वे जोडणी पूर्ण, कोळशासाठी टाकलेली वाट दिल्ली–चेन्नई मार्गाचा भाग.
- 1949: वरोऱ्याजवळ बाबा आमटे यांचं आनंदवन.
- 1975: वेस्टर्न कोलफिल्ड्स या कोळसा कंपनीची स्थापना, मुख्यालय नागपूर.

फरक ओळखा
- *भूमिगत खाण:* छत पेलायला कोळशाचेच जाड खांब मागे ठेवतात आणि मधल्या गल्ल्यांतून कोळसा काढतात.
- *खुली खाण:* वरची माती-दगड हटवून कोळसा उघडा करतात.

खाण संपली, गाव टिकलं: वरोरा आज तालुक्याचं ठिकाण आहे.

लक्षात ठेवा: जुन्या भूमिगत खाणीत खांब ढासळले की वरची जमीन खचते. बंद खाणीत उतरू नका. मुलांनाही जाऊ देऊ नका.