खटका, हात आणि ‘तोच हा’

जुने कॉम्प्युटर कीबोर्ड जमवणारी माणसं जगभर आहेत. ती नुसती जमवत नाहीत, बंद झालेले खटके पुन्हा चालते करतात. तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याला यात काय पडलंय, असं तुम्ही विचाराल. मला त्यात एक फार जुना प्रश्न दिसतो: भाग बदलत गेले, तर वस्तू ‘तीच’ राहते का?

आधी खटका समजून घेऊ. स्वस्त कीबोर्डात बटणाखाली रबराची वाटी असते. ती पार दबली की अक्षर उमटतं. आयबीएमने १९८५ मध्ये आणलेल्या ‘मॉडेल एम’मध्ये प्रत्येक बटणाखाली एक उभी स्प्रिंग असते. दाबत गेलात की ती आखडते, आणि एका क्षणी कमरेतून मोडल्यासारखी बाजूला वाकते. त्या हिसक्याने खालचा छोटा दांडा आपटतो, ‘खट्’ होतं, आणि तेव्हाच अक्षराचा संदेश जातो. आवाज, बोटाला कळणारा झटका आणि प्रत्यक्ष काम ही तिन्ही एकाच घटनेची अंगं. चेरी कंपनीच्या निळ्या खटक्यात आवाज करणारा तुकडा वेगळा आणि विजेचा संपर्क वेगळा. दोन्ही जवळजवळ एकाच वेळी होतं, एवढंच. हा निळा खटका तुमच्यातल्या पुष्कळांच्या बोटांना ओळखीचा आहे, नाव ठाऊक नसलं तरी. आपल्याकडच्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डात कित्येक वर्षं तोच होता. डीटीपीच्या दुकानात कडकड ऐकू यायची ना, तीच ती.

आता पुनरुज्जीवन. मॉडेल एममधले प्लास्टिकचे रिव्हेट जुने झाले की तुटतात. हौशी लोक ते काढून तिथे बारीक बोल्ट बसवतात. त्याच जातीचे नवे कीबोर्ड अमेरिकेत केंटकी राज्यात युनिकॉम्प ही कंपनी आजही बनवते. जपानच्या आल्प्स कंपनीचे खटके बनायचे थांबले, तर कॅनडाच्या माटियास कंपनीने त्याच घडणीवरून आपले काढले. (आल्प्सला धूळ अजिबात सोसत नाही. आपल्या भूम तालुक्यात उन्हाळ्यात तो टिकेल असं मला वाटत नाही!)

मग नवा खटका ‘तोच’ का? नैयायिक म्हणतील, ‘तोच हा देवदत्त’ अशी ओळख पटते ती प्रत्यभिज्ञा, आणि तिच्या आधारावर वस्तू टिकून आहे असं मानता येतं. बौद्ध म्हणतील, दिव्याची ज्योत क्षणाक्षणाला नवी असते, सारखेपणामुळे तुम्ही फसता. एरवी मी बौद्धांकडे झुकतो. इथे मात्र प्रश्न थोडा सरकतो, कारण ओळख पटवणारा डोळा नाही, बोट आहे. गिल्बर्ट राइल या इंग्रज तत्त्वज्ञाने १९४९ मध्ये ‘अमुक आहे हे जाणणं’ आणि ‘अमुक करता येणं’ यांत भेद केला. आपल्या भागात खवा करणाऱ्याला कढई कधी उतरवायची ते विचारा. सांगता येणार नाही, पण हात चुकणार नाही. खटका त्या दुसऱ्या जाणिवेचा जोडीदार आहे. म्हणून काचेच्या कपाटातला अस्सल कीबोर्ड मला अर्धाच जपलेला वाटतो. बोल्ट ठोकलेला, पण रोज वापरातला, जास्त ‘तोच’ आहे.

मराठीत ही गोष्ट आणखी खोल जाते. गोदरेजने १९५५ मध्ये भारतीय बनावटीचा टाइपरायटर काढला, आणि पुढे आपल्या कचेऱ्यांत मराठी टायपिंगची पिढीच्या पिढी घडली. त्या यंत्रावर ‘कि’ लिहिताना आधी वेलांटी, मग ‘क’. कागदावर डावीकडून जे दिसतं त्या क्रमाने. रेमिंग्टन पद्धतीत ‘ख’सुद्धा दोन ठोक्यांत: आधी अर्धा ख, मग काना. १९८६ मध्ये सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण केलेल्या इनस्क्रिप्टमध्ये उलट: आधी ‘क’, मग वेलांटी, उच्चाराच्या क्रमाने. शास्त्र म्हणून इनस्क्रिप्ट सरस आहे, यात मला शंका नाही. पण रेमिंग्टनच्या हाताला अक्षर ही आकृती आहे, इनस्क्रिप्टच्या हाताला ध्वनी. खटका बदलला तर बोट आठवड्यात सरावतं. क्रम बदलला तर अक्षराकडे पाहणंच बदलतं. खटके जमवणारे हजारो आहेत, हा हात कोण जमवतंय?

ईटमध्ये कुणी जुने टायपिस्ट असतील तर त्यांना टेबलाशी बसवा, समोर काहीही ठेवू नका, आणि ‘किती’ हा शब्द टाइप करायला सांगा. पहिलं बोट कुठे पडतं ते लिहून ठेवा.